तीन नंबरचा घाणा

तीन दिवस ताई स्वतःच्याच घरात चोरासारखी वावरत होती. आजूबाजूला कोणी नाही असं बघायचं, मिठाच्या बरणीत बोट घालायचं, जिभेला लावायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग साखर. मग चहाची पूड. मग लिंबाची फोड. शनिवारी वहिनीने तिला व्हिनेगरची बाटली तोंडाला लावताना पकडलंच.

"अहो ताई, हे काय?"

"काही नाही गं. झाकण सैल होतं, घट्ट करत होते."

"दाताने?"

वहिनी म्हणजे भाऊची बायको. नात्याने ताईची धाकटी भावजय, पण अख्खी फॅक्टरी तिला वहिनी म्हणायची, म्हणून ताईही तेच म्हणायला लागली होती. वहिनीने बाटली हातातून काढून घेतली आणि फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिली, लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून औषधं ठेवतात तशी. ताईला ते फार लागलं.

मीठ खारट लागत होतं. साखर गोड, लिंबू आंबट, चहाची पूड कडू. जीभ ठणठणीत होती, आणि खरी भीती तिथेच होती. जीभ शाबूत असेल तर मग डोकं गेलं. तिसरं काही ताईला सुचत नव्हतं.

झालं होतं ते असं. मंगळवारी तीन नंबरच्या कढईतला संत्र्याच्या जॅमचा घाणा बिघडला. एकाने लिंबूसत्त्व घातलं, ते घातलंय हे न कळल्यामुळे दुसऱ्याने पुन्हा घातलं. माणसं काम करतात तिथे असं होतंच. ते पकडायला तर ताई होती. पण या वेळी काही पकडलं गेलं नाही. घाणा बाटल्यांत भरला, झाकणं बसली, लेबलं लागली आणि आठशे बाटल्या दुकानांत जाऊन पोचल्या. गुरुवारी पहिली परत आली. शुक्रवारी एका दुकानदाराने फोन करून सांगितलं, "साहेब, लोकांना हा ब्रेडला लावायचाय हो, भांडी घासायची नाहीत."

आणि फळ्यावर तीन नंबरपुढे फोरमनच्या वळणदार अक्षरात खडूने लिहिलेलं होतं, 'ताई: जाऊ दे.'

या दोन शब्दांशिवाय या फॅक्टरीतून आजवर एक बाटली बाहेर पडलेली नव्हती. बाबांनी घरामागच्या खोलीत, तांब्याच्या एकुलत्या एका पातेल्यात जॅम करायला घेतला तेव्हापासूनची ही पद्धत. पहिला घाणा त्यांना पसंत पडेना. तीनदा केला, तीनदा ओतून दिला. चौथ्यांदा पातेलं ओतायला उचललं तेव्हा आईने त्यात चमचा बुडवला, चाखला आणि म्हणाली, "अहो, जाऊ दे आता." बाबांना वाटलं, माल जाऊ दे म्हणतेय. आईला म्हणायचं होतं की जिवाला एवढा घोर लावून घेऊ नका. अर्थ काहीही असो, माल गेला. सकाळी बेकरीवाल्याकडे पोचला आणि संध्याकाळी त्याचा माणूस आणखी मागायला दारात उभा. आपण तेव्हा मालाबद्दल बोलतच नव्हतो, हे आईने बाबांना पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. बाबा हसून हसून खोकले होते.

आईनंतर चमचा ताईकडे आला, त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली. पातेल्याच्या जागी वाफेवरच्या सहा कढया आल्या, खोलीवर मजले चढले, वरच्या मजल्यावर घर आलं. ताईने लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे काही वाईट घडलं म्हणून नव्हे. रोज सकाळी सात वाजता कढईपाशी उभं राहायचं, हे सांगितलं की येणारी स्थळं आल्या पावली परत जात. ताईला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. आपण कोण, असं तिला कोणी विचारलं असतं तर तिने चमचाच दाखवला असता.

तर रविवारी दुपारी, यंत्रं बंद असताना, पॅकिंगच्या लांबलचक टेबलापाशी सगळे जमले. सगळे म्हणजे भाऊ, वहिनी, त्यांची मुलगी छोटी आणि फोरमन. छोटी एकतीस वर्षांची होती, प्रयोगशाळा सांभाळायची आणि चार माणसं तिच्या हाताखाली होती, पण घरात नाव एकदा पडलं की पडलं. तिच्या बापाचंही तेच. कामगारांचा 'साहेब', बायकोचा 'अहो', आणि साठीला टेकलेला हा माणूस ताईच्या तोंडी अजून 'ढब्बू'.

भाऊने एक बाटली उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. मग तीच पुन्हा उचलली.

"अरे ढब्बू, बोल की," ताई म्हणाली. "मी काय तुला चावणारे?"

"ताई, तू जरा... म्हणजे मी म्हणतो, जरा विश्रांती घेतलीस तर?"

"कसली?"

"अहो, ते काय म्हणताहेत," वहिनी घाईने म्हणाली, "इतकी वर्षं झाली. सकाळी सातपासून उभ्या असता. गुडघे दुखतात तुमचे. कोणी काही बोलत नाहीये ताई, पण वय काय फक्त तुमचंच होतं का? माझंही होतंय. परवा मी गॅसवर दूध ठेवून तासभर फोनवर बोलले."

वहिनी मनापासून बोलत होती, हे ताईला कळत होतं. म्हणून तर ते आणखी टोचलं. भांडायला आली असती तर ताईने दोन हात केले असते. मायेने कोणी खुर्ची पुढे सरकवली की माणूस काय करणार? बसतो बापडा.

"बाबा, थांबा," छोटी म्हणाली. "आत्याची जीभ गेलेली नाहीये. मी नाही मानत."

ताईने चमकून तिच्याकडे बघितलं. मागच्याच वर्षी या पोरीने 'फळ्यावर आत्याच्या शब्दाशेजारी प्रयोगशाळेच्या मशीनचा आकडाही लिहूया' असं सुचवलं होतं, आणि ताई महिनाभर तिच्याशी धड बोलली नव्हती. आणि आज बघा, बाजू घ्यायला हीच उभी.

"मंगळवारी मी बाहेरगावी होते, प्रयोगशाळा बंद होती, म्हणून माझ्याकडेही ते सापडलं नाही," छोटी म्हणाली. "फोरमनकाका, तुम्ही नीट सांगा. काय काय झालं? अगदी जसंच्या तसं."

फोरमन बिचारा टोपी हातात घेऊन उभा होता. तीस वर्षं ताईच्या शब्दावर काम केलेला माणूस. तिच्याविरुद्ध साक्ष द्यायची वेळ आली म्हणून त्याचा चेहरा उतरला होता.

"अकराच्या सुमाराला मी बशीत तीन नंबरचा नमुना घेतला. ताई बाटल्या धुतात तिकडच्या बोळात होत्या, म्हणून बशी तिथल्या खिडकीत ठेवली. रोजच ठेवतो कुठेतरी. दहा-पंधरा मिनिटांनी आलो. धुण्याचं मशीन चालू होतं, कान किटत होते. ताई क्रेटच्या थप्पीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी मागूनच ओरडलो, ताई, तीन नंबर? तेवढ्यात मशीन क्षणभर थांबलं आणि ताई म्हणाल्या..." तो अडखळला. "जाऊ दे, जाऊ दे. असं दोनदा म्हणाल्या. आणि डोळे पुसत होत्या. मला वाटलं, वाफ गेली असेल डोळ्यांत."

ताईच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला.

तिचं डोकं गेलेलं नव्हतं! तिने ती बशी पाहिलीच नव्हती. फोरमनची हाक तिने ऐकलीच नव्हती. ती तीन नंबरबद्दल बोलतच नव्हती. क्रेटच्या थप्पीआड, फोरमनला दिसणार नाही अशी, धाकटी उभी होती.

बावीस वर्षांनी. मागच्या फाटकातून, डोक्यावरून ओढणी घेऊन, परक्यासारखी आलेली सख्खी धाकटी बहीण. बावीस वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर दुसऱ्या कंपनीत गेली होती आणि जाताना बाबांची संत्र्याची कृती घेऊन गेली होती. सहा महिन्यांत बाजारात त्या कंपनीची बाटली आली. बाबांनी ती विकत आणवली, एक चमचा खाल्ला आणि जेवणाच्या टेबलावरून उठून गेले. वर्षाच्या आत ते गेलेच. त्या दिवशी भाऊने सांगून टाकलं, या घरात तिचं नाव निघायचं नाही. आणि निघालं नाही.

मंगळवारी ती क्रेटमागे उभी राहून रडत होती. "ताई, मी बाबांना शेवटचं बघितलंही नाही. मला तोंड नव्हतं यायला. मला माफ नको करूस, पण एकदा जवळ घे." एवढंच म्हणत होती. आणि ताईने तिला जवळ घेतलं होतं. मग मागे सरून, स्वतःचे डोळे पुसत म्हटलं होतं, जाऊ दे. जाऊ दे.

जाताना धाकटीने वचन घेतलं होतं. "भाऊला सांगू नकोस. त्याने मला फाटकातून परत लावलं तर ते मला सोसायचं नाही. मी धीर गोळा करते आणि माझी मी येते. तोवर कोणाला बोलू नकोस. माझी शप्पथ आहे तुला." ताईने शप्पथ घेतली होती.

ताईला आधी हसू आलं, ते तिने दाबलं. तीन दिवस मीठ-साखर चाटत होते मी, वेडी कुठली! आणि पुढच्याच क्षणी तिला कळलं, आपण कुठे अडकलोय ते.

"ऐकलंत?" छोटी टेबलावर हात आपटत म्हणाली. "पाठमोरी होती. आवाज होता. आत्याने ते चाखलेलंच नसणार. आत्या, तू कोणाशी बोलत होतीस?"

"कोणाशी नाही."

"मग जाऊ दे कशाला म्हणालीस?"

"चाखलं, म्हणून म्हटलं."

"आठशे बाटल्यांचं लिंबूसत्त्व तुला लागलं नाही?"

"नाही लागलं."

छोटीने तिच्याकडे रोखून बघितलं. मग उठली आणि प्रयोगशाळेतून एक ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये पाच बशा, प्रत्येकीवर झाकण. "मी सकाळीच करून ठेवलंय. पाचही संत्र्याचे. तू फक्त काय आहे ते सांग. बरोबर आलं की विषय संपला. चमचा तुझा, आणि या घरात पुन्हा कोणी गुडघ्यांचं नाव काढायचं नाही."

पोरगी हात देत होती. धरायचा फक्त. पण ताई आपल्या भावाला ओळखून होती. पाच बरोबर आले, की हा विचारणार, मग मंगळवारी काय झालं होतं? जीभ चांगली, डोकं चांगलं, तर तिथे होतं कोण? आणि धागा हाती लागला की शेवटापर्यंत उसवल्याशिवाय तो सोडायचा नाही, लहानपणापासूनची खोड. धाकटी अजून धीरच गोळा करत असेल. आणि त्याआधीच हा फोन करून तिला नाही नाही ते बोलला तर?

ताईने चमचा उचलला.

पहिली बशी. जिभेवर ठेवताच कळलं, हा दोन मिनिटं जास्त शिजलाय, साखर करपायच्या बेताला आलीय. "कच्चा राहिलाय," ताई म्हणाली.

दुसरी. सालीचा पांढरा भाग निघालेला नाही, घशाशी कडवट. "छान गोड आहे. जरा जास्तच गोड."

तिसरी. ही तर बाबांची. काय सुरेख उतरली होती! पोरीचा हात बसलाय अगदी. ताईला वाटलं, सांगावं तिला, पाठ थोपटावी. "आंबट," ती म्हणाली. "फार आंबट."

चौथ्या बशीतल्याला साखर कमी होती. "हा करपलाय."

पाचवी तीन नंबरची. ताईच्या कानशिलांत झिणझिण्या आल्या, गालफडं आत ओढली गेली. तिने चेहरा सरळ ठेवला आणि सावकाश गिळलं. "हा उत्तम. याला हात लावू नका."

वहिनीने पदर डोळ्यांना लावला. फोरमन जमिनीकडे बघत राहिला. ताईने चमचा पुसला आणि टेबलावरून छोटीपुढे सरकवला. एक्केचाळीस वर्षं ज्या हातात होता, त्या हाताला एकदम काय करावं कळेना. तो तिने मांडीवर ठेवला.

"उद्यापासून तू बघ," ती म्हणाली.

छोटीने चमचा घेतला नाही. ती बशांकडे बघत होती.

"पाचही चुकलीस."

"हो बाई, चुकले. किती वेळा म्हणायचं?"

"नाही आत्या. जीभ गेलेला माणूस म्हणतो, काही कळत नाही. नाहीतर अंदाजाने ठोकतो, त्यात एखादा तरी बरोबर निघतो. तू कडूला गोड म्हणालीस, जळक्याला कच्चं, आणि आंबटढाण होतं त्याला उत्तम. इतकं नेमकं चुकायचं, तर आधी काय आहे ते नेमकं कळायला लागतं."

हे ताईच्या ध्यानातच आलं नव्हतं. आयुष्यात खोटं बोलायची सवय नाही, आणि बोलायला गेली तर तिथेही काम चोख!

भाऊने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला.

"लहानपणी एकदा बरण्यांची अख्खी फळी कोसळली होती," तो म्हणाला. "बाबा ओरडत आले. तू म्हणालीस, मी पाडली. कशी पाडली ते इतकं साग्रसंगीत सांगितलंस की मलाही खरं वाटायला लागलं. आणि मी तर पाडणारीला बघितलं होतं."

ताईने मान वर केली नाही.

"चाखल्यावर तू दोनदा जाऊ दे म्हणत नाहीस. कधीच नाही. आईसुद्धा एकदाच म्हणायची." त्याचा हात चष्म्यावर थांबला. "ताई, मंगळवारी धाकटी आली होती?"

या टेबलापाशी ते नाव इतक्या वर्षांत कोणी घेतलं नव्हतं, आणि आज घेतलं ते यानेच.

"बोलू नकोस," भाऊ म्हणाला. "शप्पथ घातली असेल तिने. तिला दुसरं येतंय काय?"

"ढब्बू..."

"तिने माफी मागितली आणि तू म्हणालीस जाऊ दे. झालं? एवढं सोपं?" त्याचा आवाज चढला. "बाबा ताटावरून उठून गेले होते ताई! तू विसरलीस?"

"नाही रे विसरले." ताई उभी राहिली. गुडघे कळवळले, तिने टेबल धरलं. "एक घास विसरले नाही. पण मी दमलेय. बाबा गेले, आई त्याआधीच गेली, आपण तिघं उरलो होतो, त्यातलीही एक हयात असताना नाही म्हणायची. मला माझी बहीण हवी आहे. तुला नको असेल तर नको असू दे. मला हवी आहे."

एवढं बोलून ती बसली. कोणी पाण्याचा ग्लास पुढे केला. बघितलं तर फोरमन होता, आणि त्याचेच डोळे भरले होते. छोटीने हळूच चमचा उचलून ताईच्या मांडीवरच्या हातात ठेवला आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

भाऊ खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली बंद फाटक होतं, मालाची गाडी उभी होती, तिच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं. तो बराच वेळ त्या कुत्र्याकडे बघत राहिला. वहिनीने दोनदा ताईकडे पाहिलं, दोनदा नवऱ्याच्या पाठीकडे. आता हा काय बोलणार आणि ते आपल्याला किती वर्षं पुरणार, असं प्रत्येकाच्या मनात आलं.

"कशी दिसते?" त्याने न वळताच विचारलं.

"बारीक झालीय. केस पिकलेत. आईसारखी दिसते."

"हं." "काही खाऊन गेली?"

"नाही. पाच मिनिटं होती जेमतेम."

"चहा?"

"नाही रे."

"पाणी तरी दिलंस?"

ताईने नुसती मान हलवली. भाऊ गर्रकन वळला, आणि बावीस वर्षांचा सगळा राग त्याच्या तोंडावर होता, फक्त तो आता ताईवर होता.

"सहा कढया पेटलेल्या खाली! वर स्वयंपाकघर भरलेलं! आणि आपली पोरगी बावीस वर्षांनी घरी येते आणि पाण्याचा थेंब न घेता जाते? लाज नाही वाटली तुला? मोठी ना तू?" त्याचं नाक लाल झालं होतं, चष्मा हातात तसाच लोंबत होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. "नंबर दे तिचा."

"कशाला?" ताईने घाबरून विचारलं.

"कशाला म्हणजे?" भाऊ ओरडला. "ती काय खाते, काय नाही, आता मला काय माहीत! विचारायला नको?"